संताच्या दिवसाला बोलावणं नसतं

१३ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ६.३०

आजपासून वही. शाळेच्या मानसशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, तुमची इस्क्रा कधी भडकते, कशाने भडकते, रोज टिपत जा, महिन्याभरात तुमचं तुम्हालाच काही दिसेल. मला आत्ताच दिसतंय. पोरगी हुशार आहे, तिला कंटाळा येतो, आणि आजवर तिला कोणी सिस्टिमने हाताळलेलं नाही. बाई फार सावकाश बोलतात, मला काही समजत नसल्यासारख्या. तरी वही आणली. शंभर पानी. कोणाला दाखवणार नाही.

मी चौदा वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. क्लच जाळणारे, चौकात स्टिअरिंग सोडून रडणारे, डावं-उजवं न कळणारे, सगळे माझ्या हाताखालून लायसन घेऊन गेले. आठ वर्षांच्या पोरीचं ते काय.

टार्गेट: १६ नोव्हेंबर. आमच्या सर्ब कुळाच्या संताचा दिवस, आमची स्लावा. त्या दिवशी इस्क्रा दारात उभी राहील, हातात गोड गव्हाचं ताट. येणारा प्रत्येक जण छातीवर क्रूस करेल, चमचाभर गहू तोंडात टाकेल आणि आत येऊन बसेल. मागच्या वर्षी अठ्ठावीस जण होते. यंदा ते बघतील आणि म्हणतील, ही तीच का?

मागच्या वर्षाबद्दल लिहीत नाही. झालं ते झालं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

सिस्टिम सुरू. फ्रिजवर मॅग्नेट. चांगलं वागलं की हिरवा, वाईट वागलं की लाल. दहा हिरवे झाले की आइस्क्रीम.

सकाळी ७.१० ला इस्क्राने स्वतःच दहा हिरवे लावले आणि आइस्क्रीम मागितलं. मी म्हटलं, बाळा, आधी चांगलं वागायचं. ती म्हणाली, मी रात्रभर चांगली वागले, झोपले होते. मुद्दा बरोबर होता, पण सिस्टिम म्हणजे सिस्टिम. मी नाही म्हटलं.

फ्रिजचं दार आता नीट लागत नाही. तसा फ्रिज जुनाच होता.

१८ ऑक्टोबर

बायको, ओलिवेरा, औषधांच्या दुकानात दुपारची पाळी करते, मी सकाळची. म्हणजे इस्क्राजवळ कोणीतरी कायम असतं. आम्ही दोघं दारात भेटतो. ती पायात बूट घालता घालता सांगते, काय खाल्लं, काय फुटलं, शाळेने किती वाजता घरी पाठवलं, आणि जिना उतरते. रात्री ती इस्क्राच्या खोलीत झोपते. संसार व्यवस्थित चालू आहे.

आज बूट घालताना म्हणाली, रातो, लोकांना फोन कर, स्लावाला या म्हणून सांग, मागच्या वर्षीचं कोणी विसरलेलं नाही. मी म्हटलं, स्लावाला आमच्याकडे बोलावत नाहीत. ज्याला एकदा बोलावलं तो जन्मभर आपणहून येतो. माझ्या आजोबांनी कधी कोणाला बोलावलं नाही आणि युद्धातसुद्धा घर भरलेलं असायचं. ती म्हणाली, तुझ्या आजोबांच्या घरात इस्क्रा नव्हती. आणि गेली.

काय झालं होतं एवढं मागच्या वर्षी? गर्दी झाली, इस्क्रा भडकली, स्लावाचा गोल पाव बाल्कनीतून खाली गेला. खाली मोम्चिलोची नवी गाडी होती. टपाला पोचा आला. मग त्याच्या पोरीच्या, यानाच्या गालाला दोन टाके. इस्क्राचे अर्धे दात तेव्हा दुधाचे होते, हेही कोणीतरी लक्षात घ्यायला हवं.

मोम्चिलो माझा कुम आहे. लग्नात माझ्या शेजारी तो उभा होता, बाप्तिस्म्याला इस्क्राला त्याने हातात धरलं होतं. आमच्यात कुम सख्ख्या भावाच्याही वर. असा माणूस पोच्यावरून रुसून बसत नाही. वर्षभर आला नाही, कारण त्याला कामाचा व्याप.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

फोन करायचा नाही हे खरं, पण आपण आहोत, ठणठणीत आहोत, हे लोकांना दिसायला काय हरकत आहे. आज देसांकाबाईंचा तास होता. वय एकसष्ट, नवरा गेल्यावर गाडी शिकायला घेतली, परीक्षेत चार वेळा नापास. त्यांना मी मोम्चिलोच्या बिल्डिंगसमोर पार्किंगचा सराव दिला. सहा वेळा. चौथ्या वेळी वरचा पडदा हलला. पाचव्या वेळी बंद झाला.

देसांकाबाई म्हणाल्या, मास्तर, दुसरी कुठली जागा नाही का गावात? मी म्हटलं, इथला चढ चांगला आहे. त्या म्हणाल्या, इथे चढ कुठाय?

२६ ऑक्टोबर. दुपारी ४

मोम्चिलोला फोन केला. स्लावाबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त ड्रिल मागितलं. तो म्हणाला, ड्रिल तुझ्याकडेच आहे, दोन वर्षं झाली. मी म्हटलं, अरे हो की. तो म्हणाला, पोरगी कशी आहे? मी म्हटलं, एकदम बदललीय, ओळखणार नाहीस. नेमकं त्याच वेळी इस्क्राने बाथरूमचं दार आतून लाथा मारून वाजवायला घेतलं. तो म्हणाला, बरं, ठेवतो, कोणीतरी आलंय.

त्याच्याकडे कायम कोणीतरी येतं. लोकप्रिय माणूस.

२९ ऑक्टोबर

शाळेतून फोन, या आठवड्यातला दुसराच. गटात खेळताना इस्क्राचा पहिला नंबर आला नाही, ती टेबलाखाली गेली, बाहेर काढायला आलेल्या बाईंच्या हाताला चावली. या आणि घेऊन जा. देसांकाबाई स्टिअरिंगवर होत्या. म्हटलं, चला तशाच.

इस्क्रा मागच्या सीटवर. किंचाळणं, माझ्या पाठीत लाथा. मी सगळ्या युक्त्या केल्या: आवाज चढवला, आवाज उतरवला, आइस्क्रीम, धमकी. माझ्या बाजूला जादा ब्रेक असतो, पण तो गाडीचा. देसांकाबाई चाळीसच्या स्पीडने शांतपणे चालवत राहिल्या. एकदाही गाडी बंद पडली नाही, चौदा महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाल्या, मास्तर, तुम्ही जरा गप्प बसता का? माझ्या नवऱ्याचं शेवटी शेवटी असंच व्हायचं. होऊन जाऊ द्यायचं. आणि त्यांनी वळण नसताना इंडिकेटर लावला. टिक टिक टिक. इस्क्रा मोजायला लागली. दोनशे चाळीसला गप्प झाली.

योगायोग. तशीही ती दमलीच होती.

उतरताना देसांकाबाई म्हणाल्या, सोळा तारखेला तुमच्याकडे स्लावा ना, पोरीने सांगितलं. मी आले तर चालेल का? मी पेचात पडलो. एकदा बोलावलं की जन्मभराचं नातं, विचार करून बोलवावं लागतं. शिवाय अठ्ठावीस माणसं आणि घर एवढंसं. मी म्हटलं, बघू, खुर्च्यांची जरा अडचण आहे. त्या म्हणाल्या, हो हो, बरोबर आहे.

३ नोव्हेंबर, रविवार

ताटाचा सराव. गव्हाऐवजी सुक्या घेवड्याचे दाणे. पहिल्या सहा वेळा दाणे घरभर. सोफ्याखालून अजून निघताहेत.

मग मला एक कल्पना सुचली. तिला आधीच सगळं सांगायचं: कोण येणार, किती पावलं चालायचं, काय म्हणायचं. (मानसशास्त्रज्ञ बाई असंच काहीसं म्हणाल्या होत्या, पण त्यांनी ते इतकं लांबवलं की मी ऐकणं सोडलं होतं.) इस्क्राने कागद घेतला. अठ्ठावीस नावं लिहून घेतली, क्रमाने. पहिला कोण? मी म्हटलं, पहिला कुम मोम्चिलो, तो नेहमी पहिला येतो. दुसरी त्याची बायको झोर्का. तिसरी याना. इस्क्राने पेन थांबवलं. म्हणाली, यानाला दोन चमचे देईन.

सातव्या वेळी एकही दाणा सांडला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

५ नोव्हेंबर

कामावरून सुटलो की घरी जायच्या आधी मी गाडी डॅन्यूबकाठी लावून थोडा वेळ बसतो. प्लॅनिंगसाठी. आधी पाच मिनिटं पुरायची. हल्ली पंचवीस लागतात, कारण प्लॅन वाढलेत.

आज तिथेच डोळा लागला. जाग आली तर दोन वाजून पन्नास. फोनवर ओलिवेराचे अकरा मिस्ड कॉल. घरी पोचलो तर ती कोट घालून दारात बसलेली, दंडावर दातांच्या खुणा. ओरडली नाही. म्हणाली, मालकाने आज शेवटचं सांगितलंय. मग म्हणाली, रातो, तू नदीवर बसतोस ते मला ठाऊक आहे, वर्षभर ठाऊक आहे. मी कुठे बसू?

मी दमलेलो नाही. झोप कमी पडते, एवढंच.

९ नोव्हेंबर, शनिवार

स्लावाची मेणबत्ती घेतली. सगळ्यात मोठी. घरापासून जवळचं दुकान सोडून झोर्काच्या ऑफिसखालच्या दुकानातून घेतली, ते दुकान चांगलं आहे. मेणबत्ती पिशवीत मावत नव्हती, म्हणून हातात उभी धरून फुटपाथवर जरा वेळ थांबलो. झोर्का बाहेर आली, मला पाहिलं, आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली. तिने चष्मा लावला नव्हता. ती चष्मा लावते की नाही ते नक्की आठवत नाही.

१२ नोव्हेंबर

ओलिवेरा म्हणाली, मी करते फोन, तू नको करूस. मी म्हटलं, खबरदार, बोलावून आणलेला पाहुणा म्हणजे भाड्याने आणलेला पाहुणा. ती म्हणाली, हा रिवाज नाहीये रातो, तू घाबरतोस. फोन केलास तर ते नाही म्हणतील. फोन केला नाहीस तर तुला वाटत राहील की येतील. मग म्हणाली, मला कोणी आलं नाही तरी चालेल, मला नुसती झोप हवी आहे.

तेरा वर्षांच्या संसारात बायकोने मला एवढंच ओळखलं. तरी तिने एकशेवीस सारमा, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याच्या, वळायला घेतल्या. कोबीची पानं सोलताना मी मदत केली. दोघं एका टेबलाशी दीड तास बसलो. बरं वाटलं. इस्क्रा झोपली होती.

१४ नोव्हेंबर

ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गातून खुर्च्या आणल्या. हाताला लिहायची फळी असलेल्या. लिफ्टमधून तीन-तीन. घरच्या धरून बरोबर अठ्ठावीस. इस्क्राने प्रत्येक फळीवर नावाची चिठ्ठी चिकटवली. बैठकीची खोली आता थेट लायसनच्या लेखी परीक्षेची दिसते, पण फळीवर बशी ठेवता येईल, हे कोणाच्या डोक्यात आलं नसतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ९.४०

चर्चमध्ये जाऊन पाव कापून आणला, वाइन शिंपडून. मेणबत्ती पेटवली. इस्क्राने निळा फ्रॉक घातला, कॉलर टोचत असूनही. ओलिवेराने लेबल कापून टाकलं. मी इस्त्रीचा शर्ट. स्लावाला घरधन्याने दिवसभर बसायचं नसतं, पाहुण्यांच्या सेवेत उभं राहायचं असतं. मी उभा आहे. वही फ्रिजवर ठेवून लिहितोय.

दुपारी १२.३०

लोक जेवणाच्या वेळेलाच येतात.

१.१५

तिसऱ्या मजल्यावर पेत्रोनियेविच. त्यांचाही संत हाच. जिन्यात पावलं वाजतात, आमच्या मजल्यापर्यंत येतात, इस्क्रा ताट सरळ करते, पावलं वर जातात. असं आत्तापर्यंत सात वेळा.

१.४०

बेल वाजली. अनोळखी तरुण, हातात बाटली. इस्क्रा चार पावलं पुढे गेली, ताट धरलं, शुभ स्लावा म्हणाली. त्याने क्रूस केला, चमचा घेतला, गहू खाल्ला, चमचा पाण्याच्या ग्लासात टाकला. एक दाणा सांडला नाही. मग त्याने आत पाहिलं. खुर्च्या पाहिल्या. म्हणाला, हे पेत्रोनियेविचांचं घर नाही का? सॉरी म्हणून वर गेला, बाटलीसकट.

इस्क्रा म्हणाली, हा यादीत नव्हता. मी म्हटलं, पण तू किती छान केलंस. ती म्हणाली, यादीत नव्हता.

३.०५

मोम्चिलोचा फोन. शुभ स्लावा कुमा, याना जरा सर्दीने आजारी आहे, झोर्काचं डोकं दुखतंय, आणि मला, काय सांगू. मी म्हटलं, अरे काही हरकत नाही, इकडे नुसती गर्दी उसळलीय, पाय ठेवायला जागा नाही. वर पेत्रोनियेविचांकडे गाणं चालू होतं. मी फोन छताकडे धरला. तो म्हणाला, हो, ऐकू येतंय, छान, छान. त्याचा आवाज मोकळा झाला. माझा कुम आहे, त्याचा आवाज मला कळतो.

४.२०

सत्तावीस खुर्च्या रिकाम्या आहेत. अठ्ठाविसावीवर ओलिवेरा बसल्या बसल्या झोपली आहे, डोकं फळीवर, झोर्काच्या नावाच्या चिठ्ठीवर. देसांकाबाईंना मी खुर्च्यांची अडचण सांगितली होती.

इस्क्रा साडेअकरापासून दारात उभी आहे. भडकली नाही. किंचाळली नाही. एवढा वेळ ती आयुष्यात कुठे उभी राहिलेली नाही. तिने आत्ता विचारलं, बाबा, पहिला कधी येणार?

संध्याकाळी ७.३०

मी कोट घातला, टोपी घातली, बाहेर गेलो आणि बेल वाजवली. म्हटलं, मी कुम मोम्चिलो. इस्क्राने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. यादी पाहिली. मग ताट धरलं. म्हणाली, कुमा, टोपी काढा, टोपी घालून क्रूस करत नाहीत. मी टोपी काढली, गहू खाल्ला. तिने पहिल्या नावापुढे खूण केली आणि मला दाराबाहेर पाठवलं. दुसरी झोर्का.

असे आठ जण येऊन गेले. याना म्हणून आलो तेव्हा दोन चमचे मिळाले. ती हसली नाही, पण प्रत्येक वेळी चार पावलं मोजून पुढे येत होती, आणि ताट अगदी सरळ होतं.

नवव्या वेळी बाहेर गेलो. दार लागलं. जिन्यातला दिवा विझला. इतकी शांतता होती. वरचं गाणं लांबून येत होतं, कोणीतरी हसत होतं, भाजलेल्या मटणाचा वास होता. बेलवर बोट ठेवलं आणि दाबलं नाही. म्हटलं, एक मिनिट. पायरीवर बसलो. दिवसभरात पहिल्यांदा बसलो. मग म्हटलं, अजून एक. गाडीची किल्ली कोटाच्या खिशात होती. ती हातात घेतली होती, हे मला नंतर कळलं.

दार आतून उघडलं. इस्क्रा ताट घेऊन उभी. म्हणाली, नववा पाहुणा चौदा मिनिटं उशिरा. मग माझ्या हाताकडे पाहून विचारलं, तुम्ही पण वर जाणार होतात का?

मी म्हटलं, नाही गं. पण लगेच म्हटलं नाही. जरा वेळाने म्हटलं.

तिने तो जरा वेळही मोजला असणार.

१७ नोव्हेंबर, रविवार. सकाळी

सारमा एकशेनऊ शिल्लक.

वर्षभर मी मोम्चिलोला मनातल्या मनात बोल लावत आलो. काल त्याला जे दाराशी यायच्या आधी झालं, तेच मला दाराशी येऊन झालं. फरक एवढाच, की तो पाहुणा आहे. त्याला न येणं चालतं.